परदेशात घर घेताय? आधी कागद, मग खिडकी

परदेशात घर बघायला गेलेला माणूस दार उघडलं की सरळ खिडकीपाशी जातो. समोर समुद्र किंवा डोंगर असतो, एजंट मुद्दाम दोन पावलं मागे थांबलेला असतो, आणि मनातल्या मनात सौदा तिथेच ठरतो. पुढचे सगळे प्रश्न मग 'निघेल काहीतरी मार्ग' या सुरात विचारले जातात.

अशा खरेद्यांचे कागद मी बरीच वर्षं वाचत आलोय. ज्यांचे पैसे अडकले त्यांतल्या बहुतेकांची घरं चांगलीच होती. गडबड होती ती घरावर मिळालेल्या हक्कात, पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्यात, नाहीतर ज्याच्या भरवशावर सही केली त्या माणसात. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. टोकन द्यायची वेळ चौथ्या पायरीनंतर येते, त्याआधी एक रुपया, डॉलर, युरो काही नाही.

पायरी १: तिथे तुम्हाला नेमका कुठला हक्क मिळतो?

आपण सरसकट 'घर घेतलं' म्हणतो. प्रत्यक्षात घेतलेला असतो एक हक्क, आणि तो देशागणिक बदलतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन सहसा होत नाही. काँडोमिनियममधला फ्लॅट होतो, पण इमारतीतल्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. फ्लॅट रिकामा आहे, विकणारा तयार आहे, तुमचे पैसेही तयार आहेत, आणि त्या इमारतीचा कोटा भरलाय, तर तो फ्लॅट तुमच्या नावावर होणार नाही. फिलिपिन्समध्ये हीच मर्यादा ४० टक्के आहे. इंडोनेशियात 'हक मिलिक' म्हणजे पूर्ण मालकी फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क मिळतो. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि देशाच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणूस राहतं घर थेट स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही. तिथे बँक ट्रस्टी म्हणून कागदावर मालक असते, तुम्ही लाभार्थी असता, आणि हा ट्रस्ट ५० वर्षांचा, पुढे वाढवता येणारा असतो.

यात घाबरण्यासारखं काही नाही. मुदतीचा हक्क मुदतीच्या हक्काच्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्यावा. रडायची वेळ येते ती किंमत मालकीची आणि कागद भाडेपट्ट्याचा असला की. जाहिरातीत '३० अधिक ३० अधिक ३०' असं दिसलं तर जरा थांबा. थायलंडच्या कायद्यात भाडेपट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षं आहे. उरलेली ६० वर्षं म्हणजे नुसता शब्द: तेव्हा तो मालक जिवंत असेल, जमीन त्याच्याचकडे असेल आणि त्याचा मूड चांगला असेल तर पाळला जाणारा.

याच पायरीवर कुणीतरी हळूच पर्याय सुचवतो: 'इथल्या माणसाच्या नावावर घेऊ, मागे आपसात करार करून ठेवू.' हे ऐकलं की चहा संपवा आणि निघा. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला आडून जमीन मिळवून देणारा व्यवहार रद्द ठरतो, जमीन सरकारकडे जाते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. तो आपसातला करार कोर्टात दाखवायचा म्हणजे 'मी कायदा मोडला' हे स्वतःच लिहून देणं.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. 'परदेशी' हा सगळ्यांना एकच शिक्का नसतो. सिंगापूरमध्ये २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला घरावर ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं, पण अमेरिका, स्वित्झर्लंड अशा काही मोजक्या देशांच्या नागरिकांना करारांमुळे ते लागत नाही. न्यूझीलंडने २०१८ मध्ये परदेशी लोकांची घरखरेदी बरीचशी बंद केली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या नागरिकांना सूट ठेवली. तेव्हा शेजाऱ्याला जमलं म्हणून तुम्हाला जमेल असं नाही. त्याचा पासपोर्ट बघा.

पायरी २: व्हिसासाठी घर घेत असाल तर हिशोब वेगळा मांडा

घर घेतलं की राहण्याचा परवाना, असं गाजर बऱ्याच देशांनी दाखवलं आणि मग काढूनही घेतलं. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये गोल्डन व्हिसाच्या यादीतून घरखरेदी वगळली. स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला आपली योजनाच बंद केली. तुर्कस्तानात नागरिकत्वासाठीची किमान गुंतवणूक जून २०२२ मध्ये अडीच लाख डॉलरवरून चार लाखांवर गेली. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक परदेशी लोकांना घरं घ्यायला बंदी घातली, ती दोन वर्षांची होती, मग १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली.

परवान्याची अट म्हणून लाखो मोजणार असाल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या परवाना रद्द झाला तर हे घर मला याच किमतीला हवं आहे का? अशा योजनांमुळे 'अटीत बसणाऱ्या' घरांचे भाव नेमके अटीच्या आकड्यापाशी जाऊन बसतात. तीन लाखांचं घर चार लाखांची पाटी लावून उभं असतं, कारण समोरच्याला चारच हवे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पायरी ३: तुमचा स्वतःचा माणूस शोधा

टेबलाभोवती बसलेल्यांकडे एकदा नीट बघा. एजंटला कमिशन सौदा झाला तरच मिळतं. बिल्डरचा सेल्समन तर बिल्डरचाच. 'आमचे वकील आहेत ना, फुकट करून देतात' असं म्हटलं जातं त्या वकिलांना पुढची पन्नास कामं त्याच बिल्डरकडून यायची असतात. सौदा मोडला तरी ज्याचं काही बिघडत नाही असा एक तरी माणूस तुमच्या बाजूला हवा, आणि त्याची फी तुमच्या खिशातून जायला हवी. ही फी वाचवलेली मी पाहिली आहे. ती पुढे दहापटीने भरलेलीही पाहिली आहे.

नोटरीबद्दल एक गैरसमज आहे. फ्रान्स, स्पेन, इटली, मेक्सिको अशा देशांत खरेदीखत नोटरीसमोर होतं आणि तिथला नोटरी मोठा अधिकारी असतो; कोपऱ्यावरच्या दुकानात शिक्का मारून देणाऱ्याशी त्याची गल्लत करू नका. पण तो तटस्थ असतो. कागद कायद्यात बसतो का, सही करणारा तोच माणूस आहे का, हे तो बघतो. सौदा तुमच्या फायद्याचा आहे का हे बघणं त्याचं काम नाही. त्यामुळे नोटरी असला तरी वेगळा वकील लागतोच.

वकील निवडताना तिथल्या वकील संघटनेच्या यादीत त्याचं नाव स्वतः तपासा, त्याचा व्यावसायिक विमा आहे का विचारा, आणि ज्याने घर दाखवलं त्याच्याकडून वकिलाचं नाव घेऊ नका. कागद तिथल्या भाषेत असतील. 'इंग्रजी प्रत पण आहे' यावर समाधान मानू नका, कारण करारातच बहुधा लिहिलेलं असतं की फरक पडल्यास स्थानिक भाषेतली प्रत ग्राह्य. भाषांतर तुमच्या माणसाने केलेलं हवं.

स्वतः जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. एकमेकांचे कागद मानण्याच्या हेग करारातले देश असतील तर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लावून काम भागतं. पण त्या पत्रात 'सर्व व्यवहार करण्याचे अधिकार' असं मोघम लिहू नका. कुठली मालमत्ता, किती रकमेपर्यंत, कुठल्या तारखेपर्यंत, आणि विकायचा किंवा गहाण ठेवायचा अधिकार नाही, हे स्पष्ट लिहा.

पायरी ४: नोंदीचा उतारा स्वतः वाचा

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा तास. बऱ्याच देशांत जमिनीच्या नोंदीचा उतारा थोड्याशा फीत मिळतो. इंग्लंडमध्ये तो कुणालाही काढता येतो. स्पेनमध्ये त्याला 'नोटा सिंपले' म्हणतात. एजंटने दिलेली झेरॉक्स घेऊ नका. ताजा उतारा काढा आणि सहीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा काढा.

उताऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: मालमत्तेचं वर्णन, मालकाचं नाव, आणि बोजे. ओळखीच्या एका कुटुंबासाठी मी असाच एक उतारा वाचत होतो. फोटोत चार बेडरूम, वर गच्चीवर खोली, मागे पोहण्याचा तलाव. उताऱ्यात काय, तर तळमजला, दोन बेडरूम, गोदाम एक. तलावाचा पत्ताच नाही. म्हणजे अर्धं घर विनापरवाना बांधलेलं होतं, आणि किंमत पूर्ण घराची लावलेली. एजंटचं म्हणणं, 'इथे सगळ्यांचंच असं असतं.' असेलही. पण पाडायची नोटीस आली की ती सगळ्यांच्या नावाने येत नाही, मालकाच्या नावाने येते. स्पेनच्या अँडालुसियात परदेशी लोकांनी रीतसर पैसे मोजून घेतलेली घरं बेकायदा ठरली आहेत, आणि काही पाडलीही गेली आहेत.

बोजे म्हणजे फक्त बँकेचं गहाण नव्हे. जप्ती, वहिवाटीचा रस्ता, कुणाचा आजन्म राहण्याचा हक्क, थकलेला कर, सगळं त्यात येतं. काही थकबाकी माणसाच्या मागे न जाता घराला चिकटून येते. स्पेनमध्ये फ्लॅटच्या आधीच्या मालकाने देखभालीचे पैसे थकवले असतील तर चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची वसुली त्या फ्लॅटवर होऊ शकते. सोसायटीकडून 'काही येणं नाही' असा दाखला घेतल्याशिवाय सही नको.

नोंद म्हणजे मालकीची खात्री, हेही सगळीकडे खरं नाही. १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत नोंदीमागे सरकार उभं असतं. अमेरिकेत दस्त नुसता नोंदवून घेतला जातो. जुना वारस उपटला तर ती तुमची डोकेदुखी, म्हणून तिथे टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीत दोष निघाल्यास भरपाई देणारा विमा, घेतात.

आणि मग असे कागद, जे देणारं सरकारच इतरांना मान्य नाही. उत्तर सायप्रसमध्ये एका ब्रिटिश जोडप्याने जमीन घेऊन घर बांधलं. ती जमीन १९७४ मध्ये विस्थापित झालेल्या एका ग्रीक सायप्रसी माणसाची होती. त्याने सायप्रस प्रजासत्ताकाच्या कोर्टातून घर पाडून जमीन परत देण्याचा आणि भरपाईचा निकाल मिळवला. २८ एप्रिल २००९ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर सदस्य देशांनीही मानला पाहिजे, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने तो मानला. वादग्रस्त भागातलं घर गेलं, तर त्याची किंमत मायदेशातल्या घरातूनही वसूल होऊ शकते, हे त्या निकालाने दाखवलं. तिथली स्वस्ताई ही सूट नव्हे. ती त्या जोखमीची किंमत आहे.

हे सगळं जुळलं तरच टोकन. आणि टोकनच्या कागदावर 'हक्कात दोष निघाल्यास, कर्ज किंवा परवानगी न मिळाल्यास रक्कम परत' हे वाक्य हवं.

बांधकाम सुरू असेल तर

नकाशावरचं घर घेताना तुम्ही बिल्डरला बिनव्याजी कर्ज देत असता. तेव्हा तारण मागा. दुबईने २००७ च्या आठव्या कायद्याने खरेदीदारांचे पैसे प्रकल्पाच्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे बिल्डरला मनाला येईल तसे पैसे काढता येत नाहीत अशा राखीव खात्यात, ठेवणं सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षीच्या मंदीत तिथले बरेच प्रकल्प अर्धवट राहिले, त्यामुळे एस्क्रो आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. हप्ते तारखेला बांधलेले नकोत, बांधकामाच्या टप्प्याला बांधलेले हवेत. ताबा उशिरा आला तर दंड किती, आणि किती महिन्यांनंतर तुम्ही पैसे परत मागू शकता, हे आकड्यात लिहून घ्या. क्षेत्रफळ भिंतींच्या आतलं की जिना-लॉबीसकट, हेही.

पायरी ५: पैसे पाठवताना

घराच्या किमतीवर किती चढतं ते आधी मांडा. दुबईत नोंदणीचे ४ टक्के. स्पेनमध्ये जुन्या घरावर हस्तांतर कर, प्रांताप्रमाणे साधारण ६ पासून १० टक्क्यांच्या वरपर्यंत. इंग्लंडमध्ये अनिवासी खरेदीदाराला १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात २ टक्के जादा. त्यावर वकील, नोटरी, भाषांतर, बँकेचा चलनबदल.

आपल्या देशातून किती रक्कम बाहेर नेता येते तेही हप्ते सुरू व्हायच्या आधी बघा. चीनने २०१७ च्या सुरुवातीला परदेशी घरखरेदीसाठी चलन नेण्यावर लगाम घट्ट केला, आणि अर्धे हप्ते भरून बसलेल्या अनेकांना पुढचा हप्ता पाठवायचा कसा हे कळेना. पैसे गेल्याचा प्रत्येक पुरावा जपून ठेवा. थायलंडमध्ये फ्लॅट नावावर करायलाच परकीय चलन बाहेरून आल्याचा बँकेचा दाखला लागतो.

कर्ज घेणार असाल तर कमाई ज्या चलनात आहे त्याच चलनात घ्यायचा प्रयत्न करा. व्याज कमी म्हणून पोलंडमधल्या हजारो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकवरची मर्यादा अचानक उठवली, फ्रँक एका दिवसात उसळला, आणि घर तेच, पगार तोच, कर्ज मात्र रातोरात फुगलं.

आता सगळ्यात धोक्याचा क्षण. सहीच्या दोन दिवस आधी वकिलाच्या ऑफिसातून मेल येतो. भाषा तीच, खाली सही तीच, आधीचा पत्रव्यवहारही जोडलेला. मजकूर असा: 'आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, कृपया उरलेली रक्कम सोबतच्या खात्यात आज दुपारपर्यंत भरा.' पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असतं, कधी तेही नसतं, कारण मेलबॉक्सच फोडलेला असतो. खातं बदलल्याचा मेल आला की तो खोटा आहे असंच धरून चाला. पहिल्या भेटीत घेतलेल्या नंबरवर स्वतः फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करू नका. खाते क्रमांक तोंडी ताडून घ्या, छोटी रक्कम आधी पाठवा, पोचली म्हणून ऐका, मग उरलेली.

पायरी ६: भाड्याची स्वप्नं

'दोन वर्षं ८ टक्के हमखास भाडं' ही जाहिरात पाहिली की साधं गणित करा. घराची किंमत दोन लाख सांगितली, शेजारचं तसंच जुनं घर एक लाख सत्तर हजाराला जातंय. वरचे तीस हजार तुम्ही आधीच दिले, आणि दोन वर्षांत बत्तीस हजार 'भाडं' म्हणून परत घेतले. तिसऱ्या वर्षी बाजारातलं खरं भाडं कळतं.

पाहुण्यांना दिवसांवर द्यायचा बेत असेल तर परवाना मिळतो का ते आधी विचारा. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अशा भाड्यावर कडक नियम लावले. बार्सिलोनाने पर्यटक फ्लॅटांचे सुमारे १०,००० परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचं जाहीर केलंय. सोसायटीचे नियमही वाचा. शहराची परवानगी असून इमारतीची नसते.

पायरी ७: विकताना आणि गेल्यावर

हे खरेदीच्या आधी बघायचं, म्हणून इथे. स्पेनमध्ये अनिवासी माणूस घर विकतो तेव्हा खरेदीदार किमतीच्या ३ टक्के कापून सरकारकडे भरतो. अमेरिकेत परदेशी विक्रेत्याच्या किमतीतून साधारण १५ टक्के कापले जातात, नफा झालेला असो वा नसो. जास्तीचे परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. इंग्लंडमध्ये अनिवासी माणसाने घर विकल्यावर ६० दिवसांत कळवायचं असतं, कर शून्य असला तरी. स्वतःच्या देशात जगभरच्या उत्पन्नावर कर लागत असेल तर हे भाडं आणि हा नफा तिथेही दाखवायचा, आणि दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का ते पाहायचं. लपवून चालेल असं कुणी म्हटलं तर भाडं जमा होणाऱ्या परदेशी बँक खात्याची माहिती शंभराहून अधिक देश एकमेकांना आपोआप देतात, हे त्याला सांगा.

मृत्यूनंतरचं तर कुणी काढतच नाही. फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्याने राखीव असतो: एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर दोन तृतीयांश. सगळं पत्नीच्या नावावर करायचं तुमच्या मनात असलं तरी हा वाटा आडवा येऊ शकतो. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत १७ ऑगस्ट २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा कायदा निवडता येतो, पण ते लिहून ठेवावं लागतं. अमेरिकेत तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या तिथल्या मालमत्तेला वारसा करात फक्त ६०,००० डॉलरची सूट आहे. करार नसेल तर वरच्या रकमेवर कर. कंपनी काढून तिच्या नावावर घर घ्यायचा सल्ला इथेच येतो. कधी तो बरोबर असतो, कधी दरवर्षीच्या खर्चाचं लोढणं होतं, म्हणून दोन्ही देशांचे कर समजणाऱ्या माणसाकडून आकडे मांडून घ्या.

किल्ली हातात आल्यावर

महिनाभराने नोंदीचा नवा उतारा काढा. नाव तुमचंच आलंय का, आणि पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, आलंय का बघा. आडनाव आधी, वडिलांचं नाव मधे, अशा उलटापालटीने विकताना महिने जातात. वीज, पाणी, घरपट्टीची बिलं तुमच्या नावावर आणि तुम्ही खरंच उघडता त्या मेलवर यायला हवीत. रिकाम्या घराच्या पत्रपेटीत पडलेल्या नोटिशीचीही मुदत चालू असते. रिकाम्या घराला विमा चालतो का ते विचारा, कारण ठराविक दिवस कुणी राहिलं नाही तर बऱ्याच पॉलिसी आखडता हात घेतात. मग एक फाइल करा: उतारा, खरेदीखत, पैसे पाठवल्याच्या पावत्या, वकिलाचा नंबर, कराच्या तारखा. ती कुठे ठेवलीय ते घरात दोघांना तरी सांगून ठेवा.